आफ्रिकेला केव्हा जावं?

मुलांनो, पुण्याहून लोणावळा लोकलमध्ये बसलात की देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी अशी स्टेशनं मागे टाकत गाडी तळेगावला येते. आमचं तळेगाव दाभाडे ते हेच. सेनापती दाभाड्यांचं गाव, पैसा फंडाच्या काच कारखान्याचं गाव, गो. नी. दांडेकर जिथे राहिले ते गाव. पण आज मी तुम्हाला गावाचा इतिहास सांगणार नाहीये. आज सांगायचंय ते आफ्रिकेबद्दल! आता तुम्ही म्हणाल, बाई, तळेगावहून एकदम आफ्रिका? जरा दम धरा, जोडून दाखवते.

त्याचं असं झालं. २०२५ च्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडली होती. मैदानावर धोबी पक्षी आले होते. करडे-पांढरे, चिमणीहून थोडे लांबट, शेपटी सारखी वरखाली आपटत तुरुतुरु पळणारे. नदीवर कपडे आपटल्यासारखी शेपटी आपटतो, म्हणून तो धोबी. उत्तरेकडच्या थंडीतून तो इकडे येतो आणि उन्हाळा लागला की परत जातो. दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपते तेव्हा आमच्या आधी तोच शाळेत हजर असतो!

चौथीचा वर्ग. एक मुलगा वही घेऊन टेबलापाशी आला. वहीत त्याने मोठं चित्र काढलं होतं. तपकिरी नदी, तिच्यात उड्या घेणारी शेकडो शिंगवाली जनावरं आणि कोपऱ्यात जबडा वासलेली मगर. "बाई, हे विल्डबीस्ट. आम्ही मे महिन्यात हे बघायला जाणार. केनियाला!"

वर्गात एकच गलका झाला. कुणाला खरं वाटेना. पण ते खरं होतं. त्याचे बाबा चाकणच्या एका कारखान्यात काम करतात. ओव्हरटाइमचे पैसे पाच वर्षं त्यांनी वेगळे ठेवले होते. एका प्रवासी कंपनीचा कागद आला होता, मे महिन्यात केनियाची सफारी, आणि बरीच स्वस्त. शनिवारपर्यंत आगाऊ रक्कम भरायची होती. ती एकदा भरली की परत मिळणार नव्हती.

त्या संध्याकाळी बाबा शाळेच्या फाटकाशी भेटले. हेल्मेट हातात, पहिली पाळी संपवून आलेले. म्हणाले, "बाई, आयुष्यात एकदाच जाणार आहोत आम्ही. तो रोज ते नदीचं चित्र काढतो. तुम्ही भूगोल शिकवता. मे महिना चांगला ना तिकडे?"

आता खरं सांगू? मी आफ्रिका पाहिलेली नाही. मी फक्त नकाशा पाहिलाय. पण तो कागद वाचून एक प्रश्न माझ्या मनात आला, तो मी त्यांना विचारला. "मे महिन्यात इतकं स्वस्त का बरं असेल?" ते गप्प झाले. मीही गप्प झाले. मग म्हटलं, "शनिवारला तीन दिवस आहेत. बघू या आपण."

दुसऱ्या दिवशी वर्गात नकाशा टांगला, आणि सुरुवात मात्र तळेगावपासूनच केली. का, ते कळेलच.

आमच्या गावाची एक गंमत आहे. पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर लोणावळा. तिथे पाऊस मुक्कामालाच आलेला असतो. पूर्वेला वीसेक किलोमीटरवर चाकण. तिथे त्याच दिवशी लोक आभाळाकडे बघत असतात. तळेगाव दोघांच्या मधोमध. माझ्या वर्गात एकीची आई लोणावळ्याला नोकरीला आहे आणि एकाचे काका चाकणला. जुलैमध्ये संध्याकाळी एकाच्या घरी ओलाचिंब रेनकोट टांगलेला असतो, आणि दुसऱ्याच्या घरी रेनकोटाची घडीही मोडलेली नसते. पन्नास किलोमीटरांत एवढा फरक! डोंगराजवळ पाऊस जास्त, पूर्वेकडे जावं तसा कमी कमी होत जातो.

मी विचारलं, "मग ज्यांच्याकडे पाचशे मेंढ्या आहेत त्यांनी काय करायचं?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, आमच्या शेतात धनगर येतात!"

शाबास! तुम्हीही पाहिले असतील. दिवाळी झाली की फलटण, बारामतीकडच्या कोरड्या भागातले धनगर मेंढ्या, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन घाट उतरून कोकणात जातात. वाटेत शेतकरी त्यांच्या मेंढ्या रात्री आपल्या रानात बसवून घेतात, शेताला खत मिळतं. कोकणात भात कापून झालेलं असतं, तिथे चारा-पाणी असतं. आणि मृगाचा पाऊस कोकणात उतरायच्या आत ते पुन्हा घाट चढून देशावर परत येतात, कारण कोकणातल्या चिखलात आणि मुसळधार पावसात मेंढी टिकत नाही. पावसाच्या आगेमागे चालणारा हा मोठा फेरा आहे. धनगर काही फिरायला म्हणून हिंडत नाहीत. गवत जिथे, तिथे मेंढी, आणि मेंढी जिथे, तिथे धनगर.

आता नकाशावर या. टांझानियात सेरेंगेटी नावाचं विस्तीर्ण गवताळ मैदान आहे. त्याला लागूनच उत्तरेला, केनियाच्या हद्दीत, मसाई मारा. मध्ये कुंपण नाही. आणि गंमत बघा, तिथेही तळेगावसारखंच आहे! दक्षिण-पूर्वेकडे पाऊस कमी, आणि उत्तर-पश्चिमेकडे, म्हणजे माराकडे जावं तसा जास्त. मारा नदीला कोरड्या दिवसांतही पाणी असतं.

मग ती लाखो विल्डबीस्ट काय करतात? जानेवारी ते मार्च ती दक्षिणेकडच्या मैदानावर असतात. तिथलं गवत आखूड, पण मोठं कसाचं. जवळच्या ज्वालामुखींची राख पडून तिथली माती क्षारांनी भरलेली आहे. अंगावर पिणाऱ्या वासरांच्या आयांना नेमकं तेच हवं असतं. फेब्रुवारीच्या आसपास तिथे थोड्याच आठवड्यांत लाखो वासरं जन्मतात, आणि जन्मल्यावर काही मिनिटांत धावू लागतात. धावावंच लागतं, तरस आणि चित्ते टपूनच असतात. मे उजाडला की दक्षिणेकडची डबकी आटू लागतात आणि कळप उत्तर-पश्चिमेकडे सरकू लागतात. जून-जुलैपर्यंत नद्या गाठतात. साधारण जुलैच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत मारा नदीच्या अल्याड-पल्याड त्यांची ये-जा चालते. नदी ती एकदाच ओलांडत नाहीत बरं का, पलीकडे पाऊस पडल्याचा सुगावा लागला की पुन्हा उडी घेतात. त्याच वेळी मगरी. मग नोव्हेंबरचा पाऊस आला की पुन्हा दक्षिणेकडे.

मी खडूने फळ्यावर हा गोल काढला आणि त्यावर बारा महिने लिहिले. तो मुलगा उठून उभा राहिला. गोलावर मे कुठे आहे आणि नदी कुठे आहे, हे त्याने बोटाने तपासलं. मग काही न बोलता खाली बसला.

मला वाईट वाटलं. पण अजून एक गोष्ट सांगायची होती, ती म्हणजे पाऊस. आपल्याकडे पावसाळा वर्षातून एकदा. केनिया मात्र विषुववृत्तावर आहे. वर्गात एका मुलाच्या डोक्यावर विजेरी धरून आणि मोसंबं फिरवून मी ते दाखवलं. सूर्य मार्चमध्ये विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा ओलांडून दक्षिणेकडे जातो. ढगांचा पट्टा त्याच्या मागोमाग थोडा उशिराने सरकतो. म्हणून विषुववृत्ताजवळ पाऊस दोनदा येतो. तिकडच्या स्वाहिली भाषेत दोघांना वेगवेगळी नावं आहेत. मार्च ते मे हा मोठा पाऊस, तो 'मासिका'. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा छोटा पाऊस, तो 'वुली'. (मासिका ऐकून वर्ग हसला. म्हटलं, आपलं तर साप्ताहिक आहे!)

स्वाहिली आपल्याला अगदीच परकी नाही हं. 'सफारी' म्हणजे त्या भाषेत प्रवास, आणि तो शब्द अरबी 'सफर'वरून आलाय. आपणही सफरच म्हणतो की! शिवाय तिकडे गाडीला म्हणतात 'गारी', दुकानाला 'दुका', चहाला 'चाय'. झेब्र्याला म्हणतात 'पुंडा मिलिया', म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं गाढव. हे नाव आमच्या वर्गात आठवडाभर गाजलं. कुणीही पट्ट्यांचा शर्ट घालून आलं की झालंच.

तर मे म्हणजे मासिकाचा शेवट. माराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे, आपल्या कापसाच्या रानासारखी. इंग्रजीत तिला नावही तेच, कापसाची काळी माती. पावसात काळ्या रानात बैलगाडी कशी रुतते, ते शेतकऱ्याच्या मुलाला सांगायला नको. तशाच तिथे जीपगाड्या रुततात. गवत पुरुषभर वाढलेलं, त्यात सिंह बसला तर कानसुद्धा दिसायचे नाहीत. आणि पाणी जागोजाग असल्यामुळे प्राणी पाण्यासाठी एका ठिकाणी येतच नाहीत. काही मुक्कामाच्या छावण्या एप्रिल-मेमध्ये बंदच असतात. उघड्या असतात त्या स्वस्तात खोल्या देतात. स्वस्त का, त्याचं उत्तर आम्हाला मिळालं. त्या प्रवासी कंपनीने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. कागदावर सिंहाचं चित्र होतं, आणि मेमध्येही मारात सिंह असतातच. नदीबद्दल मात्र कागदावर अवाक्षर नव्हतं.

हे 'पाणी जागोजाग असलं की प्राणी दिसत नाहीत' मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. ते माझ्या अंगावरून गेलेलं आहे.

डी.एड.ला माझ्यासोबत असलेली एक मैत्रीण चंद्रपूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. तिच्याकडे मी दोनदा गेले. पहिल्यांदा दिवाळीच्या सुट्टीत. चंद्रपूरला गेलं आणि ताडोबा पाहिलं नाही, असं कसं होईल? १९५५ मध्ये झालेलं हे आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. पावसाळ्यात, म्हणजे जुलै ते सप्टेंबर, त्याचा आतला गाभा बंद असतो आणि ऑक्टोबरमध्ये उघडतो. आम्ही मोहर्लीच्या फाटकातून पहाटे आत गेलो. काय ते रान! बांबू हिरवागार, सागाची पानं ताटाएवढी, दोन झाडांच्या मध्ये कोळ्याची जाळी, इतकी मोठी की मी हात पसरले तरी पुरले नसते. जाळ्यांवर दव. फुलपाखरं. पण वाघ? छे! गाडीवान पुन्हापुन्हा थांबायचा, कान द्यायचा. एकदा सांबर ओरडलं, वानर ओरडलं. वाघ दहा पावलांवर असेलही, पण आमच्या आणि त्याच्या मध्ये हिरवी भिंत होती. परत येताना मी हिरमुसले होते, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्यांदा गेले मे महिन्यात. मैत्रीण म्हणाली होती, "आलीस तर कांदा खिशात ठेवून ये." चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे पारा पंचेचाळीसच्या पुढे! वारा असा की चुलीसमोर बसलोय. रान सगळं वाळलेलं, सागाला पान नाही, जमिनीवर पाचोळा. पहिल्यांदा पाहिलेलं ते हेच रान, हे पटेना. एक पाणवठा होता, खोलीएवढा. त्यात वाघीण बसली होती. पाठीमागचा भाग पाण्यात, पुढचे पाय काठावर, डोळे मिटलेले. आम्ही वीस मिनिटं तिथे होतो. काठावर चितळं लांब उभी होती, तहानलेली, पण पुढे यायची त्यांची छाती होईना. वाघीण उठेपर्यंत त्यांना पाणी नव्हतं. मी वाघ पाहिला म्हणून नाचायला हवं होतं. पण माझी नजर त्या चितळांवरच खिळली होती.

तेव्हा मला कळलं. वाघ आपल्याला भेटायला येत नाही, तो पाण्याकडे येतो. ज्याला आपण 'उत्तम हंगाम' म्हणतो, तो प्राण्यांचा सर्वांत कठीण काळ असतो. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याची माणसं आणि निसर्गप्रेमी मचाणावर बसून पाणवठ्यावर आलेले प्राणी मोजतात, तेही याचसाठी. ऐन वैशाख, पाणी उरलेलं थोडं, आणि चांदणं भरपूर.

आणि हिवाळा-पावसाळ्याचं पाणीही वाया जात नाही हं. तळेगावाजवळून वाहणारी इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, आणि भीमेवर उजनीचं धरण आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला तिथलं पाणी मागे हटू लागलं की चिखल उघडा पडतो, आणि भिगवणला रोहित येतात. म्हणजे जुलैत आमच्या पत्र्यावर ताडताड वाजलेल्या पावसातला थोडासा तरी त्यांच्या पायांखाली असतो!

बरं, मग मेच्या सुट्टीत परदेशी सफारी करायचीच असेल तर कुठे? शुक्रवारचा अख्खा तास आम्ही यावर घालवला (गणित राहिलं, ते नंतर भरून काढलं). उत्तर असं निघालं की अजून दक्षिणेला जा. दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर. तिथे आपल्या उलट, मेमध्ये हिवाळा सुरू होतो. पाऊस तिथे ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल, आणि मेपासून रान सुकू लागतं. जून ते सप्टेंबर सर्वांत चांगलं, पण मेअखेरही वाईट नाही. बोट्स्वानातलं ओकावांगो तर अजबच आहे. पाऊस पडतो दूर अंगोलाच्या डोंगरात, आणि ते पाणी सपाटीवरून रमतगमत काही महिन्यांनी तिथे पोहोचतं. त्यामुळे आभाळ कोरडं आणि जमिनीवर पूर, असा देखावा मे-जूनपासून दिसतो. आणि ज्यांना इतकं लांब जायचं नाही त्यांच्यासाठी श्रीलंका. याला जंगलात मेमध्ये बिबटे पाहायला जाता येतं. मिन्नेरियाचे हत्ती मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधलेल्या तिथल्या तलावाचं पाणी तेव्हा ओसरतं आणि तळाला कोवळं गवत उगवतं. त्यासाठी शेकडो हत्ती जमतात. पुन्हा तेच बघा, पाणी हटलं की गवत, आणि गवत आलं की प्राणी.

आणि कुठल्याही महिन्यात गेलात तरी आई-बाबांना दोन गोष्टी सांगून ठेवा. केनियाहून परत येताना भारतात पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो. ती लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. दुसरी गोष्ट स्वेटर! आफ्रिकेत स्वेटर? हो. नैरोबी शहर आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही उंचावर वसलंय. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे उघड्या जीपमध्ये दात वाजतात म्हणे.

हंगाम प्राण्यांच्या अंगात किती मुरलेला असतो, याची एक गोष्ट आपल्याच देशात घडली. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा. त्यांच्या मायदेशी जून ते ऑगस्ट हिवाळा असतो. इथे आल्यावरही त्यांच्या अंगाने तोच हिशेब धरला, आणि आपल्या ऐन पावसाळ्यात त्यांना हिवाळ्याचे दाट केस आले! दमट हवा, त्यात दाट केस, गळ्यात पट्टा. पट्ट्याखाली जखमा चिघळल्या आणि २०२३ च्या पावसाळ्यात काही चित्ते दगावले. ही गोष्ट सांगितली तेव्हा वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका मुलीने विचारलं, "बाई, त्यांना कुणी सांगायला हवं होतं ना, इथे आत्ता पावसाळा आहे म्हणून?" कोण सांगणार आणि कसं?

शनिवारी सकाळी बाबा आले. मी त्यांना फळ्यावरचा गोल दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला. कारखान्यात यंत्रांचे तक्ते वाचणारा माणूस, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. म्हणाले, "मग ऑगस्टच. पण बाई, ऑगस्टमध्ये दहा दिवस शाळा बुडेल."

पालकहो, आता जरा तुमच्याशी बोलते. शिक्षिका म्हणून मी 'नाही' म्हणायला हवं, असं तुम्हाला वाटेल. ऑगस्टमध्ये घटक चाचणी असते, स्वातंत्र्यदिनाच्या कवायतीची तयारी असते. पण चौथीतल्या मुलाने दहा दिवस मारा नदीकाठी काढले, तर त्याचा अभ्यास बुडतो असं मला मनापासून वाटत नाही. मी म्हटलं, अर्ज द्या, मी मुख्याध्यापकांशी बोलते. (दहावीतला मुलगा असता तर असं म्हटलं असतं का, हे मात्र मला विचारू नका.)

तेच हसले. "तुम्ही सुट्टी द्याल हो, कंपनी कुठे देते? दसरा-दिवाळीला लोक गाड्या घेतात. त्या गाड्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तयार होतात. तेव्हा तर आम्ही रविवारीही जातो."

म्हणजे बघा, मारा नदीचा हंगाम आणि चाकणचा हंगाम एकच! शिवाय ऑगस्टचा खर्चही वेगळा होता. मसाई माराचं परदेशी पाहुण्यांसाठीचं प्रवेशशुल्क २०२४ पासून जुलै ते डिसेंबर या महिन्यांत जानेवारी ते जूनच्या दुप्पट आहे. जमवलेले पैसे त्याला पुरणार नव्हते.

बाबांनी तो प्रवासी कंपनीचा कागद घडी करून खिशात ठेवला. पैसे भरायची वेळ बारापर्यंत होती. साडेदहा वाजले होते. मुलगा दाराशी उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"दिवाळीत?" तो म्हणाला. "दिवाळीत बाबांना सुट्टी असते आणि मलाही."

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. पण दिवाळी कधी? आपली दिवाळी एका तारखेला बसतच नाही. २०२५ चं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झालं, आणि तेव्हा मारात कळप असायची चांगली शक्यता होती. ती दिवाळी तर नुकतीच हातातून गेलेली. २०२६ ला अधिक महिना, म्हणून लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. तोवर तिकडे वुली सुरू होऊन कळप दक्षिणेकडे वळलेले असतात.

मग आम्ही पुढची वर्षं पाहायची ठरवली. वर्गातल्या एका मुलीच्या आजोबांकडे शंभर वर्षांचं पंचांग आहे. शनिवारी शाळा लवकर सुटते, आणि ती शाळेच्या मागेच राहते. ती पळत घरी गेली आणि पंचांगाबरोबर आजोबांनाच घेऊन आली! आजोबांनी चष्मा लावला. चांद्र वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान, म्हणून सण दरवर्षी तेवढे अलीकडे येतात, आणि मग अधिक महिना येऊन त्यांना पुन्हा पुढे ढकलतो, हे त्यांनी मुलांना समजावलं. माझ्यापेक्षा छान समजावलं. म्हणजे अधिक महिन्याच्या आदल्या वर्षीची दिवाळी सर्वांत लवकर! बोटाने ओळी शोधत ते वाचत गेले. २०२७, लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबर. २०२८, लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबर. २०२९, अधिक चैत्र, ५ नोव्हेंबर.

"सतरा ऑक्टोबर," बाबा हळूच म्हणाले. "भाऊबीज झाल्याशिवाय याची आई निघायची नाही. तरी विसाव्या तारखेच्या आसपास निघता येईल."

मी सांगितलं की नदीवर तेव्हाही ठरलेलं काही नाही. पाऊस लवकर आला तर कळप गेलेले असतील. तिकडचे वाटाडेही तारीख सांगत नाहीत, सांगूही शकत नाहीत. त्यांनी मान डोलावली. मग ते बाहेर जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात कागद नव्हता.

मुलगा बोटं मोजत होता. २०२६ ला पाचवी, २०२७ ला सहावी, २०२८ ला सातवी. "बाई, सातवीत मी तुमच्या वर्गात नसेन."

"नसशील. पण आल्यावर मला सांगायला येशील ना?"

त्याने वही उघडली. नदीच्या चित्राखाली 'मे' लिहिलं होतं, ते खोडलं आणि '१७ ऑक्टोबर २०२८ नंतर' असं लिहिलं. मग पेन्सिल चावत जरा विचार केला आणि नदीच्या काठावर एक छोटासा माणूस काढला. स्वेटर घातलेला.